टपालपेटी गावात, माणूस विमानात

अमेरिकेतल्या फ्रिस्कोत मुलीकडे राहायला आल्यापासून मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी ताट घेऊन शेजारी बसतं आणि विचारतं, "मावशी, तुम्ही जॉब काय करायचात?" विचारणारा स्वतः काय करतो ते मला तीनदा ऐकूनही कळलेलं नसतं. मी सांगते, "माणसं मोजायची." "म्हणजे सेन्सस?" "नाही. खाणीत विमानानं येणारी आणि विमानानंच परत जाणारी." मग तो "ओह, इंटरेस्टिंग" म्हणतो आणि श्रीखंडाकडे वळतो.

यंदा आमच्या दिवाळी अंकाची संपादक मृणाल आहे. पुण्याची, हुशार, हात धुऊन मागे लागणारी. म्हणाली, "मावशी, तुमच्या कामावर लिहा ना. सगळ्यांनी ट्रॅव्हल आणि रेसिपीच पाठवलंय यार. फक्त लाइट ठेवा, दिवाळी आहे." मी म्हटलं, "लिहिते बाप्पा." लाइट काही झालेलं नाही. छापायचं की नाही हे तिनं ठरवावं.

राज्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या कामगार खात्यात सव्वीस वर्षं काढली आणि नावं न घेण्याची सवय हाडात मुरली. पश्चिमेकडचं राज्य, डोंगर पुष्कळ, माणसं कमी, जमिनीखाली सोनं आणि तांबं. खाण डोंगरात असते आणि तिच्याजवळ वस्ती नसते. कंपनी तिथं कॅम्प बांधते: लांबलचक पत्र्याच्या बराकी, एक जेवणघर, एक धावपट्टी. कामगार विमानानं येतो, दोन आठवडे रोज बारा तास राबतो, मग विमानानं घरी जातो आणि दोन आठवडे झोपा काढतो. त्याचं घर कुठंही असू शकतं. डोंगराच्या पायथ्याशी किंवा चार राज्यं पलीकडे.

सरकारला यात रस का? कारण खाणीला परवाना देताना कंपनीनं वचन दिलेलं असतं की स्थानिकांना कामं देऊ. आणि कारण पैसा कमवायचा एका राज्यात आणि आजारी पडायचं, मुलं शिकवायची, म्हातारं व्हायचं दुसऱ्या राज्यात, असं झालं की दवाखाना कुणी कुठं बांधायचा हे कळेनासं होतं. म्हणून दर तिमाहीला कुणीतरी मोजायचं: खाणीत राबणाऱ्यांपैकी आपले किती आणि बाहेरचे किती. ते कुणीतरी म्हणजे मी आणि माझ्या हाताखालची दोन मुलं.

मोजायला आम्ही खाणीत जात नसू. तीन याद्या एकावर एक ठेवायचो. पहिली पगाराची, ती प्रत्येक कंपनीला कायद्यानं पाठवावीच लागते. दुसरी वाहन परवान्यांची, तिच्यात पत्ता असतो. तिसरी, कंपन्या भाड्यानं घेतात त्या चार्टर विमानांची प्रवासी यादी. ती मिळवायला मला सहा वर्षं पत्रव्यवहार करावा लागला. नाव, जन्मतारीख, पत्ता जुळवायचा आणि प्रत्येक ओळीपुढे एक खूण करायची: रहिवासी किंवा बाहेरचा. बहुतेक ओळी संगणक जुळवायचा. ज्या जुळत नसत त्या माझ्या टेबलावर यायच्या.

त्या न जुळणाऱ्या ओळींनी माझी खूप करमणूक केली. एका ड्रिलरची बायको एका राज्यात, आई दुसऱ्या राज्यात आणि शिकारीचा परवाना तिसऱ्या, कारण तिथं रहिवाशांना तो स्वस्त मिळतो. मी त्याला फोन केला. (तिथली माणसं अर्थात इंग्रजीत बोलत, मी ते आपल्या भाषेत लिहितेय.) "तुम्ही राहता कुठं?" म्हटलं. तो "अं, म्हणजे" करत अडखळला. मग म्हणाला, "बाई, खरं सांगू, मला तुम्हीच सांगा." मी विचारलं, "तुमचा कुत्रा कुठं असतो?" तो लगेच म्हणाला, "इडाहोत." मी इडाहो लिहिलं. पुढं हा प्रश्न आमच्या विभागात रूढच झाला. नियमावलीत नव्हता, पण त्याचं उत्तर देताना कुणी अडखळत नसे.

एका कंपनीचा जनसंपर्कवाला दर वर्षी यायचा, डोनट्सचा खोका घेऊन. "आमचे सगळेच कामगार स्थानिक आहेत," म्हणायचा. "कुठं ना कुठं तरी." डोनट मी खायची आणि आकडा तोच ठेवायची. एका आमदाराच्या कार्यालयातून बाई फोन करायची की निवडणूक आहे, रहिवासी थोडे जास्त दाखवता येतील का. मी म्हणायची, "येतील की, तुम्ही त्यांना राहायला पाठवा." मला या खडूसपणाचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, अजूनही थोडा आहे.

तो कुठून आला ते सांगते. माझे बाबा चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीत हजेरीबाबू होते. तिथं खाण म्हणजे कॉलनी, कॉलनीत शाळा, दवाखाना, विहार, आणि खाली उतरलेला माणूस संध्याकाळी घरीच वर यायचा. शिरगणती आली की बाबा त्या दिवशी सुट्टी काढायचे. गणतीवाला मास्तर धर्माच्या रकान्यापाशी आला की बाबा खुर्ची जवळ ओढून म्हणायचे, "बौद्ध लिहा." मास्तर पेन्सिलीनं लिहू लागला, तर बाबा खिशातलं पेन काढून त्याच्या हातात देत. वाद नाही, आवाज नाही. लिहून होईपर्यंत ते कागदावरची नजर हलवत नसत. मास्तर गेल्यावर आम्हा भावंडांना सांगत, "कागदावर चुकीचं गेलं, तर सरकारच्या लेखी आपण नाहीच." मी नागपुरात संख्याशास्त्र शिकले ते या एका वाक्यामुळे. खरा आकडा माणसाचं भलंच करतो अशी माझी श्रद्धा होती. आमच्या घरात दुसऱ्या कुठल्या श्रद्धेला फारशी जागा नव्हती.

आता लोरेटा. हे तिचं खरं नाव नव्हे.

सगळ्यात मोठ्या खाणीच्या अलीकडे, रस्त्यानं दोन तासांवर, एक छोटं गाव होतं. खाण सुरू झाली तेव्हा तिथलेच लोक आधी कामाला लागले. गावात एक क्लिनिक होतं आणि ते लोरेटा चालवायची. होती नर्स, पण डॉक्टर नसलेल्या गावात नर्सच डॉक्टर. ताप, बाळंतपणं, तुटलेले हात, हिवाळ्यात खचलेली मनं, सगळं तिच्या अंगावर. तिचा पगार राज्य सरकार द्यायचं, आणि त्याला अट होती: खाणीत काम करणारे किमान इतके रहिवासी गावात हवेत. चार तिमाहींचा मिळून वर्षाचा तो आकडा माझ्या टेबलावरून जायचा. म्हणून ती दर वर्षी फोन करायची.

पहिल्यांदा तिनं विचारलं, "आम्ही किती आहोत?" मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं. मग तिनं विचारलं, तुझ्या बोलण्याचा सूर कुठला? मी नागपूर सांगितलं. ती हसली, "तिथंही बर्फ पडतो?" त्यानंतर तेरा वर्षं आम्ही फोनवर बोललो. प्रत्यक्ष कधीच भेटलो नाही. माझे हे गेले तेव्हा ऑफिसातल्या माणसांनी कार्ड पाठवलं. लोरेटानं दर रविवारी फोन केला, दोन महिने, आणि बहुतेक वेळ मी काही बोलतच नसे. ती क्लिनिकमधल्या पेशंटांचे, नाव न घेता, किस्से सांगत राहायची.

त्या ठरलेल्या वाक्याबद्दल सांगायला हवं. आकडे तयार होतात आणि प्रसिद्ध होतात यांच्यामध्ये सहा आठवडे असतात. त्या काळात ते चौघांना ठाऊक असतात आणि पाचव्याला कळता कामा नयेत, कारण आधी कळलं तर कुणी जमिनी विकेल, कुणी शेअर्स. फोन आला की एकच उत्तर: "आकडे ठरलेल्या दिवशी प्रसिद्ध होतील." मी नव्या मुलांना शिकवायची की वाक्य पुरेसं नाही, सूरही तोच ठेवा. चांगल्या वर्षी हसून आणि वाईट वर्षी गंभीरपणे म्हटलंत, तर सांगितल्यासारखंच झालं. मी त्यांच्याकडून ते वाक्य मोठ्यानं म्हणवून घ्यायची. माझ्यासारखं सपाट कुणालाच जमत नसे.

एका हिवाळ्यात लोरेटा गप्पांच्या ओघात म्हणाली, "आज अर्धा दिवस भावाची टपालपेटी रिकामी करण्यात गेला. नुसत्या जाहिराती."

"भाऊ आजारी आहे?"

"छे. तो ॲरिझोनात गेला, चार वर्षं झाली. उन्हात बसतो आणि तिथून विमानानं खाणीत येतो. पण इथं पोस्टमन घरोघरी येत नाही ना, प्रत्येकाची पोस्टात पेटी असते. पेटी सोडली म्हणजे गाव सोडलं. त्यामुळे गेलेलेही कुणी सोडत नाही. परवान्यावरसुद्धा पेटीचाच पत्ता."

ती पुढं कशाबद्दल तरी बोलत होती. मी ऐकणं बंद केलं होतं. माझ्या यादीत त्या गावचा रहिवासी म्हणजे ज्याचा पत्ता त्या गावचा. आणि तिथं पत्ता म्हणजे पोस्टातला एक लोखंडी खण.

दुसऱ्या दिवशी मी त्या गावच्या पेट्या आणि विमानात चढण्याची ठिकाणं ताडून पाहिली; पत्ता जुळला की संगणक तोवर ते बघतच नसे. पहिल्याच पानावर एकोणीस नावं सापडली. पेटी गावात, आणि वर्षभर चढतोय ॲरिझोनातल्या फिनिक्सहून. पेटी गावात, आणि चढतोय इडाहोतल्या बॉइसीहून. कंपनीनं फुकट विमान दिल्यावर ज्याला जमेल त्यानं थंडी सोडली होती. मी त्यांना "पेटीवाले" म्हणू लागले. बाहेरच्यांमध्ये त्यांना मोजलं, तेव्हा गाव अटीच्या खाली गेलं. फार नाही, नऊ माणसांनी.

माझा वरिष्ठ वेन भला माणूस होता. त्यानं कागद दोनदा वाचले आणि दार लावलं. "हे बरोबर आहे?"

"हो."

"एक काम करू. यंदा जुन्याच नियमानं छापू आणि खाली तळटीप देऊ की पुढच्या वर्षी नियम बदलतोय. गावाला एक वर्ष मिळेल."

हे नियमात बसत होतं. नियम बदलताना असं करतात, यापूर्वी मीही केलं होतं. पण मला ते पेन्सिलीनं लिहिल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "चूक आहे हे माहीत असलेला आकडा मी सही करून छापणार नाही."

"तिथं एक क्लिनिक आहे, ठाऊक आहे ना?"

"अट मी घातलेली नाही," मी म्हटलं. हे वाक्य त्या वेळी फार करारी वाटलं होतं. वेननं खांदे उडवले आणि सही केली.

माझ्या मनात हिशेब असा होता की खरा आकडा बाहेर आला की आरडाओरड होईल. वर्तमानपत्रं विचारतील, कंपनीनं दिलेल्या वचनाचं काय झालं? कंपनीला गावात घरं बांधायला लावतील. लोक परततील. सव्वीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या बाईनं असा विचार करावा, याचं मला आज हसू येतं आणि ते चांगलं हसू नसतं.

सहा आठवड्यांतल्या तिसऱ्या आठवड्यात लोरेटाचा फोन आला. तिचे वडील शहरातल्या वृद्धाश्रमात होते. हृदय कमजोर, दर दोन-तीन दिवसांनी कुणीतरी तपासायला हवं. तिला त्यांना घरी आणायचं होतं. वृद्धाश्रमातली जागा सोडली की परत मिळायला दोन-दोन वर्षं लागत, म्हणून ती घुटमळत होती.

"म्हातारा रोज विचारतो, घरी कधी नेतेस," ती म्हणाली. "क्लिनिक असलं तर मी त्यांना माझ्या नजरेखाली ठेवू शकते. क्लिनिक नसलं तर हा वेडेपणा आहे. शुक्रवारपर्यंत वृद्धाश्रमाला कळवायचंय. मी आकडा विचारत नाही. फक्त एवढं सांग, यंदा काही वेगळं आहे का?"

मी म्हटलं, "आकडे ठरलेल्या दिवशी प्रसिद्ध होतील."

माझ्या तोंडून ते जसं दर वर्षी निघायचं तसंच निघालं. कंप नाही, उसासा नाही. एक श्वास जरी लांबला असता, तरी तिला कळलं असतं. ती नर्स होती, माणसाच्या श्वासावरूनच तर ती सगळं ओळखायची. ती हसली. "दर वर्षी हेच म्हणतेस," म्हणाली. "बरं. आणते मग त्यांना."

मी म्हणायला हवं होतं, थांब. एवढाच शब्द. नोकरी गेली असती, कदाचित. मी त्या दिवशी उरलेली दुपार कामच केलं आणि अचूक केलं.

आकडे प्रसिद्ध झाले. आरडाओरड झाली नाही. एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. कंपनीनं पत्रक काढलं की आधुनिक कामगाराला कुठं राहायचं याचं स्वातंत्र्य असावं. महिन्याभरात क्लिनिकमधली नर्सची जागा रद्द केल्याचं पत्र निघालं. त्याच्यावर संदर्भ म्हणून माझ्या अहवालाचा क्रमांक होता.

लोरेटाचा फोन आला. मी दोन वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. तिनं विचारलं, "मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि पेट्यांचं तुला माझ्याकडून कळलं."

"हो."

मी काहीतरी म्हणेन याची ती वाट बघत होती, असं मला वाटतं. जुळवून ठेवलेली दोन्ही वाक्यं मी म्हटली नाहीत. फोन बंद झाला आणि त्यानंतर आला नाही. मी दोनदा केला, तिनं उचलला नाही.

पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत न जुळलेल्या ओळींचा गठ्ठा आला आणि त्यात तिचं नाव होतं. पगाराची यादी: खाण, कॅम्पमधली नर्स. परवाना: गावची पेटी. प्रवासी यादी: फिनिक्स, दोन आठवडे वर, दोन आठवडे खाली. खाणीला कामगारांसाठी नर्स लागतेच. फक्त कॅम्पच्या फाटकाच्या आत. गावातल्या पोराला ताप आला तर त्याला तीन तास गाडीतून शहरात न्यायचं. गावात आता फारशी पोरंही नव्हती. क्लिनिक बंद झाल्यावर उरलेली कुटुंबंही हलली आणि पुढच्या अहवालात मला जुना नियम की नवा, याचा विचारच करावा लागला नाही.

मी त्या ओळीसमोर बसून राहिले. नियम माझा होता, शब्दही माझे होते. मी "बाहेरचा" अशी खूण केली. त्या वर्षअखेरीस निवृत्तीचा अर्ज दिला. निरोपाच्या समारंभात वेननं माझ्या अचूकतेबद्दल भाषण केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मृणालनं लेख मागितला, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की लोरेटाला न विचारता तिच्याबद्दल लिहू नये. एकदा न विचारता वापरून झालं होतं. नंबर तोच होता. या वेळी तिनं उचलला. मागं यंत्राची घरघर येत होती, ती कॅम्पवर होती. मी मराठी मासिकाचं सांगितलं.

"लिही," ती म्हणाली. "नाव बदल."

"बदलते. लोरेटा, मी त्या दिवशी..."

"मला कुठं धरलंस?" तिनं मध्येच विचारलं. "तुमच्या यादीत. मी कॅम्पवर आले तेव्हा."

एका माणसाची ओळ कुणाला सांगायची नसते, निवृत्तीनंतरही. सव्वीस वर्षांत मी कधी सांगितली नव्हती. मी म्हटलं, "बाहेरची."

"हं. बरोबर आहे." तिच्या आवाजात राग नव्हता. "भावाकडेच असते मी. त्याच्याकडेच बाबांना हलवलं. वृद्धाश्रमाची जागा गेलेली. तिथलं ऊन त्यांना सोसलं नाही. गेले तेव्हा मी इथं वर होते, नववा दिवस. वादळामुळे विमान दोन दिवस उडालं नाही."



"त्यांना कुठं धरलं होतं?" तिनं विचारलं. "गावात की बाहेर?"

ती टोमणा मारत नव्हती. खरोखर विचारत होती. तिचे वडील गावातून उठून गेले हे कुठंतरी, कुणाच्यातरी कागदावर लागलं असेल, एवढंच तिला हवं होतं.

"मी फक्त कामगार मोजायची," मी म्हटलं. "ते माझ्या कुठल्याच यादीत नव्हते."

"अच्छा," ती म्हणाली. मग म्हणाली, पेशंट आलाय, आणि फोन ठेवला.